साडूच्या वरची नोकरी

"शिवकांता, लिहून ठेव! दिवाळीच्या आत म्या नाक्यावर कायम होतो, आन् त्या शांतलिंगाच्या वर जातो!"

बंडप्पाच्या बायकोला, शिवकांताला, लिहिता येत नव्हतं. मांडीवरचं तान्हं सावरत तिनं नुसती मान हलवली.

परंड्यात बंडप्पाचं शिवणकाम जोरात चालायचं. पण त्याचा साडू शांतलिंग बार्शी रस्त्यावरच्या करोडगिरी नाक्यावर जवान होता. हद्दीपलीकडच्या बार्शीतून कापड आणलं की निजाम सरकारची जकात भरा, नाहीतर हा अडवणार! सासुरवाडीला शांतलिंगाच्या पोळीवर तुपाची धार थांबायची नाही, बंडप्पाला मात्र सासूबाई शरणम्मा विचारायच्या, "जावईबापू, माझ्या चोळ्या कवा देताव?" त्याच्या पोटात असं दुखायचं की ओव्यानंही उतरू नये!

बार्शीत स्वराज्य येऊन वर्ष होत आलं होतं. इकडंही निजामाचे दिवस भरले, असं परंड्याचा पानवालासुद्धा सांगायचा. पण बंडप्पाला दिसत होता फक्त शांतलिंगाच्या छातीवरचा पितळी बिल्ला! त्यानं उर्दू गिरवली, मिशा वाढवल्या, शिलाई मशीन विकलं आणि नाक्यावर उमेदवारीला लागला.

"बडा माल पकडो," नाक्याचे अंमलदार अमीनसाहेब म्हणाले, "उसी दिन कायम!"

आणि एका दुपारी बार्शीहून सासऱ्याचीच गाडी आली. सिद्रामप्पा बैल हाकत होते, मागं शरणम्मा.

"या मामा, या अत्याबाई! जाऊ द्या गाडी," शांतलिंग लाडात म्हणाला.

बंडप्पानं सासूकडं पाहिलं आणि त्याच्यातला शिंपी जागा झाला. अत्याबाईंचं माप त्याला तोंडपाठ! आठ दिवसांत बाई दुप्पट? सोडावं तर सासूची माया शांतलिंगाला, पकडावं तर नोकरी आपल्याला.

"गाडी थांबवा! अत्याबाई, उतरा!"

"आवं, सासू हाय ती तुमची!" सिद्रामप्पा ओरडले.

"सरकारी कामात नातं न्हाय!"

झडती घेणाऱ्या कस्तुराबाईनं शरणम्मांना खोलीत नेलं. दारातून एक कोरं लुगडं बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं! कांदा सोलावा तशी सासू आतून बारीक होत गेली. शेवटी एक जरीकाठी धोतर आलं.

"घ्या!" आतून शरणम्मा कडाडल्या. "तुमच्याच लेकराच्या बारशाचं हाय सगळं! धोतर तुमचंच!"

माल जप्त झाला. बंडप्पा कायम झाला. बारसं जुन्या लुगड्यात उरकलं.

महिना झाला नाही तोच निजामाचं राज्य गेलं. अमीनसाहेब पळाले, नाका ओस पडला. बाजारात जो तो पांढरी टोपी मागू लागला. सिद्रामप्पांनी आपल्या दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडलं आणि बसवलं कुणाला? ज्याला सुईत दोराही ओवता येत नव्हता, त्या शांतलिंगाला!

बंडप्पाचा जळफळाट झाला. "अत्याबाई, आवो, टोप्या वाकड्या शिवतोय त्यो!"

"टोप्या वाकड्या हायत," शरणम्मा म्हणाल्या, "पर जावई सरळ हाय."

नव्या कचेरीत नोकऱ्या निघणार होत्या. उघड्या डोक्यानं जायचं कसं? बंडप्पानं दातओठ खात साडूकडनंच एक टोपी विकत घेतली, तीही रोखीनं, आणि साहेबापुढं उभा राहिला. साहेब त्याच्या डोक्याकडं टक लावून बघत राहिले.

"ही टोपी शिवली कुणी?"

"साडूनं," बंडप्पा पुटपुटला.

"वा! अशी झोकदार तिरकी टोपी पहिल्यांदाच पाहिली. काम पाहिजे ना तुम्हाला? हे घ्या पहिलं काम. पळत जा आणि साडूला सांगा, सगळ्या कचेरीला अशाच टोप्या पाहिजेत!"