सेतुमामांचा डावा पुढचा पाय

सेतुमामांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. तिरुवल्लिकेणीच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी राहायला आलो, त्या दिवशी दोन हातांत दोन बादल्या आणि काखेत गादीची वळकटी अशा अवतारात जिना चढत होतो. पहिल्या मजल्याच्या दारात पांढरी वेष्टी नेसलेले एक लुकडे म्हातारे गृहस्थ उभे होते. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या पायांकडे बघत ते म्हणाले, "तें सामान खालीं ठेव. चार पावलें चालून दाखिव."

आधीच नवा भाडेकरू, त्यात परकं शहर. इथली काही रीत असेल असं समजून मी व्हरांड्यात चाललो.

"परत फिर. आतां जरा धांव."

धावलोसुद्धा.

"सेरी," ते म्हणाले; सेरी म्हणजे ठीक. "उजव्या मागच्यांत किंचित आखूड पडतें. लहानपणीं पडलास?"

सातवीत असताना मी मामाच्या मळ्यातल्या चिंचेवरून पडलो होतो. ही गोष्ट सांगलीत माझ्या आईला ठाऊक, चेन्नईत कुणालाच नाही. 'उजव्या मागच्यांत' म्हणजे काय, हे विचारायचंही भान राहिलं नाही.

सेतुमाधवराव हे तंजावूरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि मराठी भाषा तेव्हाच्या घडीत गुंडाळून घेऊन गेले. त्यामुळे मामा बोलायला लागले की कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचतंय असं वाटतं. मी मराठी आहे हे घरमालकानं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पशुवैद्यकीच्या कॉलेजात त्यांनी चाळीस वर्षं जनावरांची हाडं, सांधे आणि स्नायू शिकवले. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण हाडांनी काही त्यांना सोडलं नाही. घरात कपाटावर घोड्याची कवटी आहे आणि तिच्यावर मामांची पावसाळी टोपी ठेवलेली असते.

त्यांच्या घरात मागं-पुढं, वर-खाली असलं काही नसतं. डोक्याकडची बाजू ती क्रेनियल, शेपटीकडची ती कॉडल, पाठीची डॉर्सल आणि पोटाची व्हेंट्रल. साखरेचा डबा कुठे, तर मिक्सरच्या कॉडल बाजूला. एकदा त्यांच्याबरोबर रिक्षातून जाताना त्यांनी रिक्षावाल्याला "देवळाच्या कॉडल बाजूला घे" असं फर्मावलं. आश्चर्य म्हणजे त्यानं बरोबर घेतली. तो गेली कित्येक वर्षं त्यांना नेतो आहे, आणि देवळाची शेपूट कुठे असते हे आता त्या स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे.

मामांना राग येतो तो एकाच गोष्टीचा. कुणी घोड्याच्या पुढच्या पायातल्या सांध्याला गुडघा म्हणालं, की संपलं.

"गुडघा? तो गुडघा नव्हे रे, तें मनगट! तुझें हें मनगट आहे ना, तेंच. त्याच्या खालीं तळहात. आणि खूर म्हणजे काय? मधल्या बोटाचें नख! एवढें मोठें जनावर एका बोटावर उभें राहतें, आणि तुम्ही त्याला गुडघा म्हणतां!"

"मग गुडघा कुठे असतो, मामा?"

"मागच्या पायाला. वरतीं, पोटाजवळ. स्टायफल. आणि तुम्हां लोकांना जो उलटा गुडघा दिसतो, ती टाच!"

हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ओरगडमच्या कारखान्यात, जिथे मी दिवसभर ट्रकच्या गिअरबॉक्सचा आवाज ऐकून त्यातला दोष ओळखतो, तिथे जेवणाच्या सुट्टीत मीसुद्धा हे लोकांना ऐकवतो. लोक ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातात.

मरीनाच्या किनाऱ्यावर फेरीला घोडे असतात, तिथे मामांचा खरा दरबार. आधी ते घोडेवाले मामांना पाहून तोंड चुकवायचे. मग एकदा मामांनी शंभर पावलांवरून एक घोडा उजव्या पुढच्या पायानं लंगडतो आहे असं सांगितलं. मालक हसला. नालबंदानं खूर साफ केला तेव्हा आत खडा रुतलेला निघाला. तेव्हापासून ते लोक मामांना सलाम करतात आणि फुकट फेरीही देऊ करतात, जी मामा दर वेळी मोठ्या तोऱ्यात नाकारतात.

लंगडा घोडा कसा ओळखायचा, हे त्यांनी मला तिथेच वाळूत शिकवलं. "डोकें बघ. पाय बघूं नको. पुढच्या दुखऱ्या पायावर वजन आलें कीं घोडा डोकें वर उचलतो. चांगल्या पायावर आलें कीं खालीं टाकतो." आणि चारचौघांत स्वतः घोडा होऊन त्यांनी मला ते चालून दाखवलं. मान वर, मान खाली. सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, विकणारी बाई हातातला कागदाचा पुडा तसाच धरून बघत राहिली.

कावेरीमामी या सगळ्याला पुरून उरल्या आहेत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. रोज साडेपाच वाजता दोघं मरीनावर चालायला जातात. मामींच्या दिवसातली घराबाहेरची तेवढीच एक गोष्ट, आणि ती कधीही चुकत नाही. लग्न कसं जमलं असं मी एकदा त्यांना विचारलं, तर त्यांनी भाजी चिरता चिरता सांगितलं.

"मज बघाला आले तेव्हां अस्की लोकें बसली होतीं." अस्की म्हणजे सगळी. "माझे अप्पा म्हणाले, मुलाला कांहीं विचारायचें आहे का? हे म्हणाले, मुलीला चार पावलें चालाला सांगा."

"मग?"

"चाललें. हे बघितले आणि एकच बोलले. 'साउंड.'"

साउंड म्हणजे चारी पाय ठणठणीत. घोड्याच्या बाजारातला शब्द. मामींचे वडील उठून उभे राहिले होते म्हणे, हाकलून द्यायला.

"मीच म्हणालें, हेच पाहिजेत. एवढें खरें बोलणारा परत कोण येणार? पण लग्नाच्या दिवशीं देवासमोर वचन घेतलें. माझ्या पायांविषयीं एक शब्द बोलायचा नाहीं. मी काय बाजारांतली गाय?"

"पाळलं त्यांनी?"

"एक शब्द नाहीं." मामींनी वांग्याचं देठ उडवलं. "बघतात. पण बोलत नाहींत."

यंदा पोंगलनंतर मामाच लंगडायला लागले. हातात काठी आली. मी विचारलं तर "वय झालें" एवढंच म्हणाले. मरीनाची फेरी चालूच होती, पण आता दोघं अगदी सावकाश जायची. वाटेत बाक दिसला की मामा "अय्यो" म्हणून बसायचे. मग मामीही शेजारी बसायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय पाहिले आणि अखेर स्वतःचाच गेला, याचं मला फार वाईट वाटलं. एका शनिवारी मी त्यांच्या मागून चालत होतो. डावा पाय पडला, मामांची मान वर. उजवा पडला, मान खाली. मला काहीतरी खटकलं. गिअरबॉक्समध्ये एखादा दात घासला की खटकतं, तसंच. पण काय, ते लक्षात येईना.

ते लक्षात आलं पुढच्या रविवारी. मामींनी गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घातले होते आणि त्यांवर कावळे उतरले. मी गच्चीतच कपडे वाळत घालत होतो. खालून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत धडधडत वर आलं, काठी तलवारीसारखी फिरवत कावळ्यांवर चालून गेलं, आणि वळल्यावर त्याला मी दिसलो.

"मामा," मी म्हटलं. "पाय?"

"कोणता?"

"डावा."

त्यांनी ताबडतोब डावा पाय टेकवला आणि मान वर उचलली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मामा, असं डोकं घोडा उचलतो. माणसं लंगडताना मान नाही हो हलवत. तुम्ही घोड्याचं लंगडताय."

मामा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. बराच वेळ वडाम नीट मांडत राहिले.

"मज दुसरें लंगडणें येत नाहीं रे," ते म्हणाले. "चाळीस वर्षें हेंच शिकवलों."

"पण कशासाठी?"

"ती आखूड टाकते. डावा. आठ महिने झाले. मजपासून लपवते." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी बोलूं शकत नाहीं. वचन आहे. आणि बोललों तर उद्यांपासून ती फेरीला येणार नाहीं. घरांत बसेल. एकदां बसलें कीं स्नायू वाळतात रे. मग उठणें होत नाहीं. मी पाहिलों आहे. म्हणून मीच लंगडा झालों. लंगड्याबरोबर हळू चालावें लागतें, मध्यें मध्यें बसावें लागतें. तिला सोपें."

मी इतका वेळ हसू दाबून होतो. ते कुठल्या कुठे गेलं.

"पण डॉक्टरला तर दाखवायला हवं ना?"

"हवें. पण तिला न सांगतां नेऊं कसें?"

मग आम्ही दोघांनी मिळून बेत केला. अण्णा नगरमधल्या हाडांच्या डॉक्टरकडे मामांना दाखवायचं. मामी सोबत येणारच. मी आधी आत जाऊन डॉक्टरांच्या कानावर घालायचं, की सहज म्हणून मामींचाही पाय बघा. बेत चांगला होता. बिघडला तो मामांमुळेच.

पुढच्या शनिवारी सकाळी टॅक्सीनं आम्ही तिघं गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कोणता पाय?"

"डावा पुढचा," मामा म्हणाले.

मुलीनं आधी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अंकल, पाय दोनच असतात."

मी तिला समजावण्यात आणि फॉर्म दुरुस्त करण्यात गुंतलो तोवर आतून हाक आली, आणि मी पोचेपर्यंत मामा डॉक्टरांसमोर उभेसुद्धा होते. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक हसतमुख बाई. तिनं सांगितलं, "जरा चालून दाखवा."

हे वाक्य मामांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. ते खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. मान वर, मान खाली. परत फिरले. मान वर, मान खाली.

"अंकल, तुमचा पाय दुखतो की मान?"

"पाय."

"मग मान का हलवता?"

आणि मागच्या खुर्चीवरून एक आवाज आला. कावेरीमामी हसत होत्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या अशा हसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"डॉक्टरम्मा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "यांना काही झालेलं नाही. हा घोडा आहे. आमच्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलांना बोलावून हे हाच घोडा करून दाखवायचे. मी कॉफी घेऊन उभी असायचे. हा घोडा मला ओळखू येणार नाही?"

मामांचं तोंड बघवेना. "तुज माहीत होतें?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोललीस कां नाहींस?"

मामींनी डोळे पुसले. "तुम्ही हळू चालूं लागलांत. मज बरें वाटलें. विचारलें असतें तर लंगडायचें सोडलें असतें तुम्ही."

डॉक्टर बाईंना या मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं. "मग दुखतंय तरी कुणाला?" त्यांनी विचारलं.

मामी उठल्या. पर्स माझ्या हातात दिली. तपासायच्या पलंगावर चढायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि त्या वेळी मामांचे हात नकळत पुढे झाले आणि परत मागे गेले. नीट बसून झाल्यावर मामींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगा यांना. सोडलें तुम्हांला त्या वचनांतून. तुम्हीच सांगा."

मी मनातल्या मनात तयारी केली. आता पॅटेला, आता स्टायफल, आता मेडियल आणि लॅटरल, निदान दहा मिनिटांची निश्चिंती. मामांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. ज्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी उंदरापासून हत्तीपर्यंत प्रत्येक हाडाचं नाव सांगता येतं, त्याला त्या क्षणी एकही नाव सापडेना.

शेवटी ते वाकले आणि चारचौघांत कधी बायकोचा हातसुद्धा न धरलेल्या त्या माणसानं आपला तळहात साडीवरून मामींच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.

"इथें," ते म्हणाले. "हिला इथें दुखतें."

आणि हात काही काढला नाही. डॉक्टर बाईंना वळसा घालून दुसऱ्या बाजूनं यावं लागलं.