लांब धाग्याची मांजर

उत्तमराव काकाजींची आणि तुमची पहिली भेट झाली, की ते तुमच्या डोक्याचा एक केस उपटतात. तुम्ही "आई गं" म्हणेपर्यंत तो केस त्यांच्या दोन अंगठ्यांमध्ये ताणलेला असतो. मग ते तो उजेडात धरतात आणि निकाल देतात, "धागा बरा हाय. पण कोरडा. तेल लावत जाजो." त्यांच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी हा प्रयोग स्टेजवर चढून नवरदेवावर केला होता. नवरदेव लाजला, वरमाय संतापली. काकाजींनी खाली येऊन सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "टिकते! काई काळजी नाई!"

काकाजींचा जन्म वर्ध्याच्या एका जिनिंगच्या फाटकावर गेला. कापसाची गाडी आली की हात आत खुपसायचा, बोंडभर कापूस काढायचा, अंगठ्यांनी ओढून धागा पाहायचा, प्रत सांगायची आणि ओरडायचं, "गाडी पुढे घ्या!" यंत्रांच्या खडखडाटातून शेवटच्या गाडीवाल्यापर्यंत तो आवाज पोचायला हवा असे. काकाजी निवृत्त झाले, आवाज झाला नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमच्या दोन घरांत एकच कंपाऊंड आहे. ते त्यांच्या घरी चहा मागत तेव्हा आमची आई आधण ठेवायची. लांबण लावणाऱ्या नातेवाइकाला ते "गाडी पुढे घ्या" म्हणत, आणि सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायात महाराजांनाही.

माझा आणि त्यांचा संबंध पत्रकांचा. आमच्या घरात पोराला खुळखुळ्याआधी पत्रक मिळतं. वडिलांचं कपाट पत्रकांनीच भरलेलं होतं. मी मोठा होऊन स्वतःची लिहू लागलो: हुंड्याविरुद्ध, शाळांच्या डोनेशनविरुद्ध, प्लास्टिकच्या पेल्यांविरुद्ध. बसस्टँडवर वाटली, की लोक त्यात फुटाणे बांधून घेत. ती शेवटपर्यंत ऐकणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता. रोज संध्याकाळी काकाजींच्या ओट्यावर मी वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "माल ओला हाय बाबू. वाळव जरा." मी चिडायचो, घरी येऊन विशेषणं काढायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो.

माझी ही जागा एका मांजरीनं घेतली.

झालं असं, की काकाजींच्या बायकोला, सुमनकाकूंना, लकवा मारला. उजवं अंग अधू झालं आणि जीभ जड झाली. शब्द अडखळत, अर्धेच बाहेर पडत. काकाजी त्यांच्या सवयीनं विचारत, "काय? जोरानं बोल!" त्या तोंडाला पदर लावत. हळूहळू काकूंनी माणसांशी बोलणंच सोडलं. समोरच्या खोलीतल्या दिवाणावर खिडकीकडे तोंड करून बसून राहत. त्यांच्या मांडीवर तेवढी छबी येऊन बसायची. छबी म्हणजे गल्लीतली गावठी मांजर. पण काकाजींनी आतून "औषध घेतलं काऽऽ" अशी हाक मारली, की छबी खिडकीतून जी उडी घेई ती थेट आमच्या स्वयंपाकघरात.

काकाजींना हे फार झोंबलं. एक दिवस ते कंपाऊंडपाशी येऊन उभे राहिले.

"दूध आमच्या घरचं पेते, अन् झोपाले तुमच्या घरी! काय लावलं वो तुमी तिले?"

"काई नाई लावलं भाऊजी," आई म्हणाली. "आमच्या घरी कोणी वरडत नाई, येवढंच."

"मी कुठं वरडून राह्यलो?" काकाजी म्हणाले. कडुनिंबावरचे कावळे उडाले.

त्या संध्याकाळी मी नवं पत्रक घेऊन ओट्यावर बसलो. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. "थांब. मले मांजर आणाची हाय. घरातच राहीन अशी. दचकणार नाई अशी. तुमच्या त्या कम्प्युटरवर पाहू."

वर्ध्यात तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे निघाले होते. मी त्यांना एकात नेलं. तासाभरात दोन नावं उरली: पर्शियन आणि ब्रिटिश शॉर्टहेअर. दोन्ही घरात राहणाऱ्या, दोन्ही स्वभावानं शांत, असं पडद्यावर लिहिलं होतं.

"शांत म्हंजे किती शांत?" काकाजींनी पडद्याला विचारलं. शेजारच्या पोरांनी कानावरचे हेडफोन काढून आमच्याकडे पाहिलं. "ज्यानं लिहिलं त्यानं माहा आवाज ऐकला हाय का?"

तेव्हापासून ओट्यावर दुसरा विषय निघेना. पर्शियनचे केस लांब, गळतात, गुंततात. शॉर्टहेअरचे आखूड, दाट, देखरेख नको. पर्शियन चपट्या तोंडाची, डोळ्यांतून पाणी येतं. शॉर्टहेअर धडधाकट. माझं हुंड्याचं पत्रक खिशात घामानं भिजून खरोखरच ओलं होत होतं, आणि मी मांजरींच्या केसगळतीवर मान डोलवत होतो. ज्यांना मी पाहिलं नव्हतं अशा दोन प्राण्यांवर माझा इतका जळफळाट कधी झाला नव्हता. अर्थात मी तो तत्त्वाच्या भाषेत मांडला.

"काकाजी, माणसाची जात पाहू नका म्हणून मी गावभर पत्रकं वाटून राह्यलो, अन् तुमी मांजरीची जात पाहून राह्यले?"

"तिचं लगन नाई लावाचं मले. धागा पाहून राह्यलो."

"अन् ब्रिटिश? आपल्या वर्ध्यात? जिथं लोकांनी विलायती कापडाच्या होळ्या केल्या तिथं विलायती मांजर?"

"मंग पर्शियन काय आर्वीची हाय का बे?"

मी रात्री बसून 'विदेशी मांजर कोणासाठी?' असं पत्रक लिहिलं. काकाजींनी ते हातात घेतलं, चष्मा शोधला नाही, नुसता कोपरा दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, "कागद चांगला हाय."

शेवटी नागपूरच्या एका गृहस्थाकडे दोन्ही जातींच्या मांजरी विकायला असल्याचं कळलं. बरोबर अर्थात मीच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर दोघी बसल्या होत्या. एक निळसर राखाडी, गोल, एखाद्या पोटभर जेवलेल्या तहसीलदारासारखी. दुसरी दुधावरच्या सायीच्या रंगाची, सगळी केसच केस.

काकाजींनी घरमालकाला नमस्कार केला, दोन्ही मांजरींच्या मधोमध उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि गर्जले, "गाडी पुढे घ्याऽऽ!"

गृहस्थांच्या हातातला पाण्याचा ट्रे वाजला. राखाडी मांजर उठली, आमच्याकडे पाठ केली आणि घाई न करता सोफ्याखाली गेली. सायीच्या रंगाचीनं एक डोळा उघडला, जांभई दिली आणि पुन्हा मिटला.

"हिले ऐकू तं येते ना?" काकाजींनी संशयानं विचारलं आणि तिच्या मागे पिशवी चुरगाळली. तिचा कान वळला. ते खूष झाले. मग, मला भीती होती तेच, त्यांनी तिच्या पाठीवरचा एक झुपका चिमटीत धरून ओढला. ती तेव्हाही हलली नाही. झुपका अंगठ्यांत ताणून त्यांनी खिडकीत धरला.

"लांब धागा. एक नंबर. पण रोज पिंजावा लागंन."

सोफ्याखाली वाकून त्यांनी दुसरीचाही केस पाहिला. त्या बदल्यात तिनं त्यांच्या मनगटावर एक रेघ ओढली. "आखूड धागा. कचरा नाई. कटकट नाई."

"मग हीच घ्या," मी म्हणालो. घ्यायचीच तर निदान जिच्यामागे काकाजींची संध्याकाळ जाणार नाही अशी.

काकाजींनी गृहस्थांना एकच विचारलं, "मांडीवर बसते का?"

"ही पायाशी बसेल. उचललेलं हिला आवडत नाही. ती पर्शियन मात्र एकदा मांडीवर बसली की तुम्हालाच उठू देणार नाही."

काकाजींनी राखाडीकडे पाहून हात हलवला. "गाडी पुढे घ्या."

परतीच्या एसटीत टोपली त्यांच्या मांडीवर होती. नागपूर सुटल्यापासून वर्धा येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी दोनदा विषय काढला. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. मला तो माझा अपमान वाटला.

मांजरीचं नाव काकूंनी ठेवलं, रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस. आणि त्या दिवसापासून कंपाऊंडपलीकडचा आवाज बंद झाला. आमच्याकडे वेळेवर आधण चढेना. आई म्हणाली, "पाहून ये बाबा, भाऊजी बिमार तं नाई?" ओटाही रिकामा असायचा. मी आठवडाभर कोणालाही वाचून न दाखवलेली पत्रकं घेऊन घरात फेऱ्या मारत होतो, आणि छबी त्याच गठ्ठ्यावर झोपत होती.

एका दुपारी मी नवं पत्रक घेऊन निघालोच. मनात ठरवलं होतं, आज साफ विचारायचं, मांजर की मी. मागच्या दारानं आत गेलो. समोरच्या खोलीच्या दाराआड, काळोख्या बोळीत, काकाजी एका स्टुलावर अंग चोरून बसले होते. हातात रुईचा कंगवा होता. मला पाहताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

आतून काकूंचा आवाज येत होता. शब्द जड होते, मधेच अडत होते, पण थांबत नव्हते.

"तुले सांगते रुई. हे मले पाहाले आले ना, तं काईच इचारलं नाई. सगळ्यायसमोर माह्या पदराचा धागा ओढून पाहिला. माहा बाप म्हणे, पोट्टं येडं हाय. मीच म्हटलं, असू द्या. ज्याले धाग्याची येवढी काळजी, थो माणसाची करंन."

काकाजी माझ्या कानाशी वाकले. त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आवाज फाटका, अनोळखी येत होता.

"हे मले कदी सांगतलं नाई तिनं. मांजरीले सांगून राह्यली."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. आठवडाभर आरशात मी तेच पाहत होतो.

"मग आत जा ना काकाजी."

"नाई. मी दिसलो का थे बंद होते." त्यांनी कंगव्यात अडकलेला एक लांब केस काढला, ताणला नाही, नुसता बोटाभोवती गुंडाळत राहिले. "छबी पळे ना, तं हिचं बोलणंही तिच्यासंगं पळे. मंग घरात आवाज माहाच. म्हणून बसणारी पाह्यजे होती."

आत काकू त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "अन् पाह्य रुई, थ्या स्टुलाचा एक पाय आखूड हाय. एखाद दिवस पडतीन थे. खुर्ची घेऊन बसा म्हणाव."

काकाजी जागच्या जागी गोठले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी माझा दंड धरला, मागच्या दाराकडे वळवलं आणि श्वासाइतक्या आवाजात म्हणाले, "गाडी पुढे घे."

मी गाडी पुढे घेतली.

दुसऱ्या दिवशी डोकावलो तर दाराआड हातांची खुर्ची होती आणि काकाजी तिच्यात मागे टेकून, डोळे मिटून ऐकत होते. अगदी माझी पत्रकं ऐकायचे तसेच. स्टूल बाजूला तसंच होतं. त्याच्या आखूड पायाखाली कागदाची घडी सारलेली होती. 'विदेशी मांजर कोणासाठी?' एवढं तिच्यावर वाचता येत होतं. त्या स्टुलावर बस असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही.