मागे जागा आहे, या!

बाबांच्या शेवटच्या शनिवारची ही गोष्ट हसण्याचीच आहे, हे आधी सांगते. त्या सकाळचा माझा बेत असा बिनचूक होता की मलाच माझं कौतुक वाटत होतं! नदीकाठच्या फरसबंद वाटेने पहिल्या बागेतून दुसऱ्या बागेपर्यंत जायचं, बाकावर टेकायचं, घरी यायचं. झालं!

बाबा बसचे ड्रायव्हर. नजर अधू झाली, लायसन्स गेलं, तेव्हापासून डेपोत लावून ठेवलेल्या जुन्या गाडीसारखे खिडकीपाशी बसून होते. आज रमले नाहीत तर पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, ही माझी धास्ती.

रमले! जरा जास्तच रमले. वळणाआधी हात दाखवू लागले, प्रत्येक बाकापाशी थांबू लागले. मागून सायकल आली की गरजायचे, "डावीकडे सरका!" त्या आवाजापुढे झाडंसुद्धा सरकली असती. आधी भांडत चाललेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी आमच्या मागे लागल्या, मग काठीवाले आजोबा, मग बाबागाडी ढकलणारी एक आई.

"तुमचा ग्रुप आहे का हो? आम्ही आलो तर चालेल?" थोरलीने विचारलं.

"मागे जागा आहे, या!"

"बाबा, ही बस नाहीये!" मी कुजबुजले.

"मग ही मंडळी रांगेत का चालतायत?"

दुसऱ्या बागेपाशी एक पाटी होती. 'बागेची वाहने इकडून', आणि खाली हा एवढा बाण. बाबांना अक्षरं दिसली नाहीत, बाण दिसला. बाण दिसला आणि बाबा वळले नाहीत, असं उभ्या जन्मात घडलेलं नव्हतं!

सगळी वरात एका उघड्या फाटकातून आत शिरून कापलेल्या गवताच्या ढिगांमध्ये जाऊन थांबली. मागे खाडकन आवाज झाला. बागेचा ट्रॅक्टरवाला त्या फाटकाला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून जेवायला गेला होता.

"कोण तुम्ही?" वॉचमन धावत आला.

"पॅसेंजर," धाकटी बहीण म्हणाली.

वॉचमनकडे मागच्या फाटकाची किल्ली होती. पण त्या फाटकाला चिकटून ट्रॅक्टर उभा, त्याची किल्ली त्यालाच लटकलेली! "चालवता येतं का कुणाला?" त्याने विचारलं. सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं.

बाबांनी डोळे बारीक करून ट्रॅक्टरकडे पाहिलं. मला वाटलं, झालं! आता खिडकीपाशी जाऊन बसतील ते कायमचे.

"ड्रायव्हर ही आहे," बाबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "मी फक्त सांगणार."

"बाबा, मी साधी स्कूटर चालवलेली नाही!"

"चढ गं! क्लच दाब. आता हळूहळू सोड. हळूहळू म्हणजे... अगं पोरी!"

ट्रॅक्टर पुढे जायचा तो मागे गेला. चिडलेल्या म्हशीसारखा कुंपणात घुसला आणि बंद पडला. शेजारचं फाटक जसंच्या तसं राहिलं, कुंपणाला मात्र भलं मोठं भगदाड! त्यातून समोर नदीकाठची वाट दिसत होती.

"शेवटचा स्टॉप!" बाबा ओरडले. "सावकाश उतरा!" सगळे भगदाडातून बाहेर पडले, बाबागाडी हातांवर उचलून. वॉचमन डोक्याला हात लावून बसला होता. आणि बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"उद्या येणार ना, ड्रायव्हरसाहेब?" आजोबांनी विचारलं.

"म्हणजे काय! वेळेवर या."

घरी येताना बाबा म्हणाले, "तू चालवत होतीस ना, तेव्हा मला जरा भीतीच वाटली."

"काहीतरीच!" मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

रविवारी सकाळी चहा पिता पिता बाबा गेले.

काही दिवसांनी मी एकटीच त्या वाटेवर गेले. पहिल्या बाकापाशी मंडळी उभी होती. मी सांगितलं. आजोबांनी काठी बाकाला टेकवली. मग थोरली म्हणाली, "आम्हाला वाटलं, गाडी लेट आहे." धाकटीने तिला कोपराने ढोसलं आणि दोघी रडू लागल्या.

आम्ही चाललो. रांगेतच. नदी डाव्या हाताला होती. मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, तुम्ही चालवत असताना मला कधीच भीती वाटली नाही."

शेजारून पळत जाणाऱ्या माणसाने थांबून कानातला इअरफोन काढला. "मला काही म्हणालात?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा तेच म्हणाले, आणखी मोठ्याने.