थांबा म्हणजे थांबा

वाहन परवान्याची चाचणी घेणाऱ्या साहेबांचं पोट चार दिवस संपावर होतं. शेवटी रात्री बायकोने जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

"झोपताना एकच घ्यायची. काम सकाळी होतं, तोवर धीर धरा. पाणी भरपूर प्या. आणि रोजची सवय लावून घेऊ नका, कळलं?"

धीर हा साहेबांचा प्रांतच नव्हे. तासाभरात काही हालचाल नाही म्हणून त्यांनी गुपचूप दुसरी गिळली. सकाळीही पोटात सामसूम, तेव्हा चहाबरोबर तिसरी. मग ऐटीत कामावर गेले.

पहिल्याच चाचणीला शिवणक्लासच्या बाई होत्या. मागच्या खेपेला त्यांचं चाक थांबायच्या पट्ट्याच्या बोटभर पुढे गेलं, तेव्हा साहेबांनी "थांबा म्हणजे थांबा!" असं खडसावून त्यांना नापास केलं होतं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं होतं.

गाडी निघाली आणि साहेबांच्या पोटात पहिली कळ आली. पाठोपाठ दुसरी. कपाळावर घाम फुटला.

"डावीकडे घ्या. जरा लवकर!"

बाईंनी आरशात पाहिलं, मागे पाहिलं, इशारा दिला, पुन्हा आरशात पाहिलं आणि मग वळल्या.

"बाई, वेग वाढवा!"

"पुढे शाळा आहे, साहेब. तुम्हीच मागे सांगितलं होतं."

पुढे सिग्नलचा दिवा पिवळा झाला. "निघा, निघा!" साहेब ओरडले. बाईंनी करकचून ब्रेक दाबला आणि विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. "मला फसवताय ना? यावेळी नाही फसणार!"

साहेबांनी डोळे मिटून पाय घट्ट आवळले. रस्ता ओलांडायला एक आजोबा काठी टेकत निघाले. अर्ध्यावर त्यांना काहीतरी आठवलं आणि ते परत फिरले. साहेबांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं.

"उजवीकडे तिसरं घर," ते कसेबसे म्हणाले. "माझं आहे."

बाईंनी फाटकाशी गाडी कडेला अशी समांतर मागे घेतली, की टेप लावली तरी सूतभर फरक निघाला नसता. साहेब चालत्या गाडीचं दार उघडू लागले.

"पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही, साहेब!"

गाडी थांबली. साहेब सुटले, ते दारातल्या बायकोला ढकलून थेट आत. अगदी वेळेवर.

बऱ्याच वेळाने ते भिंत धरत बाहेर आले. बाई पट्टा बांधूनच बसल्या होत्या.

"चाचणी संपली असं म्हणाला नाहीत तुम्ही."

"पास," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "बाई, तुमच्याइतकं सुरक्षित गाडी चालवणारं मी जन्मात कुणी पाहिलं नाही. देव करो आणि पुन्हा पाहायची वेळ न येवो. चला, ऑफिसला सोडा."

तेवढ्यात बायको तीन घरं रिकामी झालेली गोळ्यांची पट्टी घेऊन फाटकात आली.

"बाई, इंजिन बंद करा आणि आत या, चहा टाकते. यांची तिसरी गोळी अजून लागू व्हायचीय."