पाचर धरायला माणूस लागतो

जळणाचं लाकूडसुद्धा नापास होऊ शकतं, हे नाना निकमांच्या शेजारी राहायला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. नव्या घरातल्या पहिल्याच रविवारी कुंपणावरून पाहिलं, तर शेजारच्या अंगणात सत्तरीचे एक गृहस्थ बनियन आणि खाकी हाफपँट घालून पाटावर बसले होते. हातात लोखंडी कडी. लाकडाची एकेक फोड उचलायची आणि कडीतून घालायची. आरपार गेली की "पास". अडकली की "रिजेक्ट". रिजेक्टचा ढीग वेगळा.

शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, "काका, शेवटी जळायचंच आहे ना ते?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत शिकवतो ही बातमी माझ्या सामानाच्या आधी कॉलनीत पोचली होती. "सर," ते म्हणाले, "जळायचं तर एक दिवस आपल्यालाबी हाय. म्हणून काय कसंबी जगायचं?"

यावर मी पाटी टाकली. त्यानंतर नानांशी वाद घालायच्या भानगडीत मी सहसा पडलो नाही.

नाना ओझरच्या विमानाच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. म्हसरूळहून रोज बसनं जायचे. काम हायड्रॉलिकच्या खात्यात, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे सगळे भाग तपासून त्यावर शिक्का मारायचा. फॅक्टरी सुटली, पण शिक्का काही सुटला नाही. माईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे पोहे रोज तपासणीला येतात. "मीठ रिजेक्ट. कांदा पास." कॉलनीतला गतिरोधक रिजेक्ट. माझी नवी स्कूटर "हॉर्न सोडून पास". मुलीला आलेली स्थळं तर त्यांनी इतकी रिजेक्ट केली, की शेवटी माईंनी मध्यस्थाला बजावलं, मुलगा दाखवायचा तर हे गावाला गेल्यावर दाखवा. जो जावई अखेर मिळाला त्याच्यावर नानांचा शेरा होता, "थोडं रिवर्क लागंल, पण चालंल."

या माणसाच्या घरात तांब्याचा बंब आहे. गच्चीवर मुलानं बसवलेला सोलर आहे, मोरीत गीझर आहे, पण नानांची आंघोळ बंबाच्या पाण्यानं. "सोलरच्या पाण्याला धग नाय," असं त्यांचं म्हणणं. पाणी कढत आहे हे हात घालून दाखवलं तरी म्हणणं बदलत नाही. बंबाला फोडी लागतात, फोडींना लाकूड लागतं, आणि लाकूड माईंच्या माहेरून, दिंडोरीकडच्या बांधावरून टेम्पोत येतं. बाभूळ. तीही जुनी, गाठीची, माणसाचा अंत पाहणारी.

एकदा मी धीर करून विचारलं, "नाना, जन्मभर हायड्रॉलिकचं काम केलंत. मग लाकूड फोडायला कुऱ्हाड कशाला? आता त्याचं मशीन मिळतं."

"विमानाचं चाक पोटात घ्यायला हायड्रॉलिक लागतं, सर. बाभळीला लावायचं म्हणजे अपमान हाय."

"कुणाचा?"

"दोघांचा."

साधं लाकूड नाना एकटे कुऱ्हाडीनं फोडतात. गाठीचा ओंडका मात्र एकट्याचं काम नाही. तिथं लोखंडी पाचर लागते. एकानं ती ओंडक्याच्या चिरेत उभी धरायची आणि दुसऱ्यानं घण घालायचा. पाचर जरा बसली की धरणाऱ्यानं हात काढायचा, पण पहिले दोन-तीन घाव त्याचा हात तिथंच असतो. एकदा मधल्या वारी हा मान मला मिळाला. नानांचा घण वर गेला आणि माझे डोळे मिटले. घाव बसला, पाचर उडाली आणि कुंडीत जाऊन पडली.

"डोळे मिटून पाचर धरत्यात का, सर?"

"नाना, उघडे ठेवून मला जमणार नाही."

"रिजेक्ट," ते म्हणाले आणि मला चहा प्यायला पाठवून दिलं. नोकरी जाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पाचर धरण्यात पास झालेला माणूस सबंध नाशकात एकच. नानांचे धाकटे भाऊ, आप्पा. राहायला हिरावाडीत. तेही त्याच फॅक्टरीतले. दोघे भाऊ वर्षानुवर्षं एकाच बसमध्ये, एकाच बाकावर, एकाच डब्यातली भाकरी खात गेले-आले. दर रविवारी सकाळी आप्पांची स्कूटर फाटकाशी येते. आप्पा उतरतात, बाह्या सरसावतात, पाचर धरतात. नाना घण घालतात. आप्पांचे डोळे टक्क उघडे.

आणि या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे.

कारण सांगतो. नानांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत आप्पांचं नाव चुकीच्या जागी पडलं. सख्खा काका, तो 'निमंत्रक' या मथळ्याखाली हवा. छापून आला 'व्यवस्थापक' या मथळ्याखाली, भावकीतली पोरं आणि मित्रमंडळाच्या रांगेत. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. ज्याच्या घरात एखादं लग्न झालंय त्याला वाटणार नाही. नाना म्हणाले, चूक प्रेसवाल्याची. आप्पा म्हणाले, "छापणारा प्रेसवाला, पण तपासणारा कोण व्हता?" जन्मभर दुसऱ्यांचं काम तपासलेल्या माणसानं घरची पत्रिका न वाचता पास केली होती. 

आप्पा लग्नाला आले. खांद्यावर पंचा टाकून सकाळपासून मांडवात राबले. गाड्या लावल्या, पाण्याचे जार उचलले, पंगती वाढल्या. काकाचा टॉवेल-टोपीचा मान द्यायला माई मागे मागे फिरत होत्या. "व्यवस्थापकाला कसला मान?" असं म्हणून आप्पा न जेवता स्कूटरवर बसून निघून गेले. त्या दिवसापासून अबोला.

पण अंगणात एक ओंडका पाचर घालून अर्धवट ठेवलेला होता, आणि अर्धं काम टाकून देणं फॅक्टरीच्या माणसाला जमत नाही. पुढच्या रविवारी आप्पा हजर. तो ओंडका फुटला. तोवर नानांनी दुसरा आणून ठेवला होता. असं ते चालू राहिलं. बोलणं मात्र एकमेकांशी नाही. ओंडक्याशी.

"ओंडक्या," आप्पा म्हणणार, "तुझ्या मालकाला म्हणावं, दम लागला आसंल तर बस."

"ओंडक्या, पाचर धरणाऱ्याला म्हणावं, आधी चष्म्याचा नंबर बदल."

"ओंडक्या, आमच्या धाकटीला पोरगी झाली म्हणावं."

इथं घण थांबला. "ओंडक्या," नाना म्हणाले, "बाळ-बाळंतीण बरी हायेत ना, विचार."

माई चहा घेऊन यायच्या आणि मला कुंपणापाशी म्हणायच्या, "या दोघांच्या मधी मी आन् हा ओंडका. ओंडका बरा. त्याला चहा करावा लागत नाय."

गेल्या दिवाळीत नानांचा मुलगा निलेश पुण्याहून आला. भांग पाडताना वडलांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही हे त्यानं पाहिलं. पोरगा गुणी.  पाडव्याला टेम्पोतून एक मशीन उतरलं. लाकूड फोडायचं, विजेवर चालणारं, हायड्रॉलिक.

मला वाटलं, आता महाभारत. पण नानांनी मशीनभोवती प्रदक्षिणा घातली, पंपावर हात फिरवला, सिलिंडरला कान लावला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. कारखान्यातला जुना सोबतीच भेटला जणू. निलेशनं बटण दाबलं. दट्ट्या पुढे सरकला, गाठीची बाभूळ एकदा कुरकुरली आणि दुभंगली. जमलेल्या कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. नाना इतके रंगात आले, की रविवारी उजाडताच बसले आणि चहाच्या आत सगळा टेम्पो फोडून मोकळे झाले.

मग आप्पांची स्कूटर आली.

आप्पा फाटकातून आत आले. फोडींची रास पाहिली, मशीन पाहिलं. अंगणात बोलायला एक ओंडका शिल्लक नव्हता. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. आप्पांनी उभ्या उभ्या चहा घेतला, कप माईंच्या हातात दिला आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

 माई एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या, त्या रडकुंडीला येऊनच. "सर, ह्यांचं काय खरं दिसत नाय. आज मी पोह्यात मीठच घालायला विसरले, तर हे म्हणले, पास."

मी गेलो. नाना पाटावर बसले होते. कडी बाजूला पडलेली.

"नाना, सरळ फोन करा ना आप्पांना. या म्हणावं."

"काय म्हणून बोलवू?" ते माझ्यावर उखडले. "काम काय सांगू? काम नसताना माणूस येतो होय?" मग आवाज खाली आला. "आधी लाकूड व्हतं, म्हणून येत व्हता. त्याला न् मला जोडणारं तेवढंच राहिलं व्हतं, सर. ते बी मीच फोडून बसलो."

नानांच्या तोंडून असं काही येईल अशी माझी तयारी नव्हती. मी त्यांच्याशेजारी बसलो.

दोन दिवसांनी बातमी आली की मशीन बंद पडलं. मी पाहायला गेलो. नाना हात मागे बांधून उभे.

"काय झालं?"

"काय कळंना."

"तुम्हाला कळेना? हायड्रॉलिकमधलं?"

"नवीन टेक्नॉलॉजी हाय, सर. आपल्या येळचं वेगळं व्हतं." हे बोलताना ते माझ्याकडे न पाहता पेरूच्या झाडाकडे पाहत होते. "तुम्ही हिरावाडीकडं कधी जाता का?"

"जात नाही."

"जा की मग. पण मी सांगितलं असं नाय सांगायचं. बोलता बोलता निघालं पायजे."

मी गेलो. आप्पांच्या ओट्यावर बसून थंडीबद्दल, कांद्याबद्दल आणि नात किती मोठी झाली याबद्दल बोललो. नट म्हणून मी अगदीच सुमार आहे, तरी शेवटी म्हणालो, "बाकी नानांचं ते मशीन बंद पडलंय."

आप्पांचा हात चहाच्या कपाशी थांबला. "पंप गेला का व्हॉल्व्ह?"

"नानांना कळत नाहीये म्हणे."

"नानाला?" आप्पा म्हणाले. "नानाला कळंना?"  निघताना मी विचारलं, काही निरोप आहे का. "न्हाई," म्हणाले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी रस्ताभर स्वतःला कोसत घरी आलो. सगळं मुसळ केरात गेलं असंच मला वाटलं.

रविवारी नाना पहाटेपासून अंगणात. दिंडोरीहून नवा टेम्पो आला होता आणि त्यातला सगळ्यात आडमुठा ओंडका त्यांनी मधोमध आणून ठेवला होता. ऊन अंगणात उतरलं. नानांनी घण पुसला, पाचर पुसली, मग पुन्हा घण पुसला. रस्त्यावर कुठलीही स्कूटर वाजली की मान वर व्हायची. मी कुंपणाशी पेपर धरून उभा होतो, एक अक्षर वाचत नव्हतो.

आप्पा आले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. ते ओंडक्याकडे गेलेच नाहीत. थेट मशीनपाशी जाऊन वाकले. तेलाच्या टाकीचा बोल्ट दोन बोटांनी फिरवून पाहिला. तो बोटांनीच फिरला. मग त्यांची नजर ओसरीच्या फळीवर गेली. तिथं सरबताच्या रिकाम्या बाटलीत मशीनचं तेल होतं. फडक्यानं गाळून, बूच घट्ट लावून, नीट जपून ठेवलेलं. बिघडलेलं मशीन आपलं तेल असं काढून ठेवत नाही, हे मलाही कळत होतं. नाना त्या ओंडक्याच्या सालीकडे असे निरखून पाहत होते, जणू बाभूळ पहिल्यांदाच बघत आहेत.

आप्पांनी बाटली उचलली. फाटकापाशी गेले, स्कूटरची डिकी उघडली, बाटली आत ठेवली आणि किल्ली फिरवून ती खिशात टाकली.

"निलेश संक्रांतीला येईल," ते म्हणाले. "उगाच सापडायची त्याला."

हे ते ओंडक्याला म्हणाले नाहीत. ओंडका त्यांच्या पाठीमागे होता.

 नानांनी घणाला हात घातला. घण जेमतेम कमरेपर्यंत आला आणि खांदा आखडला. आप्पांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आण इकडं. आजपासून तू धर पाचर."

"तुझा नेम कुठं चांगला हाय?" नाना म्हणाले.

"बस खाली."

नाना खाली बसले आणि त्यांनी पाचर धरली. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला हातात पेपर होता हे बरं झालं. माई कप घेऊन दाराशी आल्या होत्या. मी काही बोलणार तोच त्यांनी हातानंच मला गप्प केलं आणि स्वतःही उंबऱ्याच्या आत थांबल्या. चहा निवून गेला, तरी त्यांनी कुणाला हाक मारली नाही.