टुणकोजीच्या बाराव्या भागाची परीक्षा

श्री. पडत्याला सावरणारा आणि उडत्याला जमीन दाखवणारा जो देव, त्यास आधी नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन शुद्ध पक्षी त्या राज्यात टुणकोजीचा बारावा भाग आला, त्याची हकीकत ऐसी जे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिणारास जीव प्यारा आहे.

टुणकोजी म्हणजे पडद्यावरचा पखालवाला. पाठीस पखाल, पायात उडी. थोरल्या महाराजांच्या अमलापासून त्याच्या खेळाचे भाग निघत आले. दर भागात घुबडराजा राणीची ताकाची घागर पळवतो, आणि टुणकोजी खड्डे ओलांडीत, खेकड्यांच्या डोक्यावर पाय देत जातो आणि ती परत आणतो. अकरा वेळा पळवली, अकरा वेळा आणली, पण घागर कुलपात ठेवावी ऐसे कोणास सुचले नाही. धाकटे महाराज हाच खेळ पाहत पाळण्यातून गादीवर आले, मध्ये दुसरे शिक्षण जाहले नाही. सबब त्यांची पक्की समजूत की जन्मास येईल त्यास तीन जीव मिळतात. तेणेकरून कडेलोट ही त्या राज्यात हलकी शिक्षा. आमटी खारट जाहली, कडेलोट. गाण्यात शिंकला, कडेलोट. "एक गेला तर काय बिघडते? दोन शिल्लक आहेत," ऐसे महाराज लोटण्याआधी मायेने समजावीत. मात्र जिवाची उधळपट्टी त्यांस खपत नसे, म्हणून एका माणसास एकदाच लोटावे, ऐसा नियम. आणि लोटलेले परत का येत नाहीत ऐसे कोणी विचारले तर म्हणत, "पडले म्हणजे पहिल्यापासून चालत यावे लागते. वाट लांब आहे."

नवा भाग आला की खेळून पाहावा आणि भर दरबारी पाचांपैकी चांदण्या द्याव्या, हे काम पारखनिसांचे. विसाजीपंत पारखनिसांनी अकराव्या भागास तीन चांदण्या दिल्या. त्यांची वाट अजून पाहतात. त्यांची बायको आवडाबाई रोज त्यांचे ताट वाढते. त्यांच्या जागी धाकटे बंधू गिरमाजीपंत आले, आणि बाराव्या भागाची पेटी दरबारात उघडली तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे पाहून त्यांस चेव चढला आणि छाती काढून बोलते जाहले, "महाराज, या अंगठ्यांनी अकरा भाग पालथे घातले. बारावा म्हणजे आंघोळीनंतरचा चहा. आठ दिवसांनी इथे, आपल्यासमोर खेळून दाखवतो. एकदाही पडणार नाही." महाराज प्रसन्न जाहले. मग गिरमाजीपंतांनी मुजरा केला आणि राजास पाठ दाखवू नये या रिवाजाने तीन पावले मागे सरले, तो मागे राणोजी चोपदार उभा होता, त्याच्या पायावर टाच पडली. राणोजी कळवळला, पण दरबारात ओरडण्याची सोय नव्हती.

घरी जाऊन जेवण करून खेळावयास बसले. चिमाबाई, म्हणजे पंतांची बायको, शेजारी गहू निवडीत होती. पहिलाच खड्डा आला. अकरा भागांत उडीचे बटण उजव्या अंगठ्याखाली होते, बाराव्यात तिथे खाली बसण्याचे बटण ठेवले होते. पंतांनी उडी दाबली, टुणकोजी काठावर मांडी घालून बसला, काठ ढासळला आणि टुणकोजी खड्ड्यात गेला. चिमाबाई गव्हातून डोके न काढता म्हणाली, "हे एकदाही नाही पडणारे ना?"

पंत उत्तर देणार इतक्यात टुणकोजी खड्ड्यातून वर आला, अंग झटकले आणि होता तिथे उभा राहिला. पंतांनी पडद्याचा वरचा कोपरा पाहिला. तिथे पूर्वी जिवांचा आकडा असे. कोपरा रिकामा. मुद्दाम पुन्हा पाडला, पुन्हा वर आला. बाराव्या भागात जीव मोजतच नव्हते. कितीही पडा, कितीही उठा. आधी पंतांस मौज वाटली, आणि खेळही ऐसा की पूर्वी जाहला नव्हता: पखाल फुगवून ढगांवर तरंगावे, उलट्या झालेल्या गावात छतावरून चालावे, रागीट फणस अंगावर यावे आणि मागे सनई ऐसी वाजावी की पाय आपोआप ताल धरतील. पंत हसत होते. मग एकाएकी हसू थांबले.

"काय झालं?" चिमाबाईने विचारले.

"महाराजांना हे कळलं तर?" पंत म्हणाले. "आज निदान माणूस एकदाच लोटतात, कारण जीव मोजके. उद्या म्हणतील जीव संपतच नाहीत. मग रोज लोटतील. मुलांनाही लोटतील, खेळ म्हणून."

"मग सांगा, खेळ वाईट आहे. बघूच नका म्हणावं."

"दादाने तीन चांदण्या दिल्या होत्या, चिमे."

चिमाबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "मग नीट खेळा. एकच जीव आहे तुमचा, तोही पित्ताचा."

दारात आवडाबाई उभी होती. तिने पडद्यावर टुणकोजीस वर येताना पाहिले होते. "भावजी," ती हळूच म्हणाली, "हा लगेच येतो की हो." आणि ताट वाढायला निघून गेली.

मग पंत राणोजी चोपदाराकडे गेले. खेळात टुणकोजी पडला की 'एक जीव खर्ची पडला, इतके शिल्लक' ऐसा पुकारा करणे हे राणोजीचे काम. पंत म्हणाले, "राणोजी, या वेळी कोपऱ्यात आकडा नाही. महाराजांना कळलं तर मुलांनाही लोटतील. तू आपल्या मनाने पुकार."

"मी आकडा वाचतो, पंत. बनवत नाही."

"बनव. तीनापासून."

"आणि तिन्ही संपल्यावर तो उठून उभा राहिला म्हणजे? तुमच्यासंगं मीही खाली. त्यात तुम्ही माझा पाय आधीच मोडलाय."

"तिन्ही संपणार नाहीत. मी पडणारच नाही."

"ते मी दरबारातही ऐकलं," राणोजी म्हणाला. पण त्याच्याही घरी मुले होती, म्हणून कबूल जाहला.

आठ दिवस पंतांनी सराव केला. अंगठे सुजले, झोपेत पाय झाडू लागले. मग दरबार भरला. पडदा लागला, महाराज लोडास टेकले आणि पंतांनी कंट्रोलर हाती घेतला तो घामाने निसटू लागला. पहिला खड्डा पार केला, ढग पार केले, आणि उलटे गाव आले तिथे पंतांस वर कोणते आणि खाली कोणते हेच आठवेना आणि टुणकोजी आकाशात पडला. "एक जीव खर्ची पडला, दोन शिल्लक," राणोजीने पुकारा केला, त्याचा आवाज चिरकला. पुढे फणसाने ढकलले. "एक शिल्लक." मग पंत ऐसे खेळले की पाहणारांनी श्वास सोडला नाही: एका पायाच्या बोटावर उतरले, तरंगत्या तव्यांवरून धावले, घुबडराजाच्या डोक्यावर आदळले आणि घागर आणली. आणि मुख्य म्हणजे पुन्हा पडले नाहीत.

"चांदण्या?" महाराजांनी विचारले.

"साडेचार, महाराज. ऐसा खेळ जाहला नाही. पण फार अवघड. जीव जपून वापरावा लागतो."

"अर्धी कुठे गेली?"

"घागरीला अजून कुलूप नाही, महाराज."

महाराज पोट धरून हसले. पंतांच्या जिवात जीव आला. इतक्यात महाराज म्हणाले, "आण इकडे. आम्हीही खेळतो."

महाराज पहिल्या खड्ड्यात पडले. मग त्याच खड्ड्यात पडले. मग पुन्हा त्यातच. "तिन्ही जीव खर्ची पडले," राणोजी जवळजवळ रडत म्हणाला. आणि टुणकोजी खड्ड्यातून वर आला, अंग झटकले आणि महाराजांकडे तोंड करून उभा राहिला.

"पंत," महाराज म्हणाले, "हा कसा आला?"

भीतीने माणसाची बुद्धी गोठते म्हणतात, पंतांची उलट उतू गेली. म्हणाले, "महाराज, ही राजहस्ताची पुण्याई. आपण ज्याला हाती धरता तो मरत नाही."

हे ऐकून महाराज गहिवरले. मग बराच विचार केला आणि उठून म्हणाले, "म्हणजे विसाजीपंतांना आमचा हात लागला नव्हता, म्हणून ते वाटेत अडकले. चला पंत. आमचा हात धरा. आपण दोघे उडी मारू आणि त्यांना घेऊन येऊ."

आणि खरेच निघाले. पंतांचा हात त्यांच्या हातात, मागे दरबार, चोपदार, आचारी, आणि बातमी पसरली तशी चिमाबाई आणि आवडाबाईही. वाटेभर पंत तोंड उघडीत आणि मिटीत गेले. कडा आला. खाली धुके होते, तळ दिसत नव्हता, गार वारा वर येत होता. महाराजांचा एक जोडा काठाबाहेर गेला तेव्हा पंतांनी मागे पाहिले. सगळी मुले पुढे येऊन उभी राहिली होती, मजा पाहावयास. मग पंत म्हणाले, "महाराज, मी खोटे बोललो. राजहस्त नाही, पुण्याई नाही. त्या खेळात कोणीही पडला तरी वर येतो. खेळाबाहेर कोणी येत नाही. माणसाला एकच जीव असतो."

"एकच?"

"एकच. माझा तर पित्ताचा आहे."

"मग विसाजीपंत?" महाराजांनी विचारले. "आवडाबाई ताट वाढतात ना?"

गर्दीतून आवडाबाई म्हणाली, "वाढते, महाराज. मग गाईला घालते."

महाराजांनी जोडा हळूच आत घेतला. त्यांच्या तोंडावर ऐसे भय आले की जे आजवर त्यांनी दुसऱ्यांच्याच तोंडावर पाहिले होते. "आमचाही एकच?" ऐसे विचारले, आणि पंतांनी मान डोलावली, तेव्हा पंतांचा हात सोडून महाराज लगबगीने मागे गेले, पार आंब्याच्या झाडापर्यंत, आणि बुंध्याला धरून उभे राहिले. तिथूनच आज्ञा केली की आजपासून कडेलोट बंद, उद्या इथे भिंत बांधावी, आणि पंत खरे बोलले सबब त्यांचा मान व्हावा. चिमाबाई कधी नव्हे ती हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुले हिरमुसली.

येणेप्रमाणे बाराव्या भागाची परीक्षा जाहली. खेळ उत्तम, बटणे बदललेली, चांदण्या साडेचार. कडेलोट त्या दिवसापासून बंद आहे आणि भिंतही दुसऱ्या दिवशी बांधली. आज्ञा ऐकून गिरमाजीपंतांनी काठावरूनच महाराजांस लवून मुजरा केला, आणि पाठ दाखवू नये या रिवाजाने तीन पावले मागे सरले.

राणोजीने पुकारा केला, एक जीव खर्ची पडला. शिल्लक सांगितली नाही.