न दिसणारा एसी आणि चार दिसणारे कूलर

ऐका ना, मी आबांना छाती ठोकून सांगितलं होतं, "घरात एसी असेल, पण कुणाच्या बापाला दिसणार नाही." हे आपण आपल्याच बापाला सांगतोय, ते नंतर लक्षात आलं.

आबांनी केळीच्या जिवावर जळगावात घर बांधलं आणि नुकताच इंटिरियरचा कोर्स केलेल्या मला आतलं सगळं करायला दिलं. वास्तुशांतीला धरणगावहून त्यांचे मित्र गिरधरनाना येणार होते. नानांचा धुळ्यात बंगला बांधून होत आला होता. माझं काम आवडलं, तर तिथलं कामही मलाच! पहिलं बाहेरचं काम! मला तर झोपच लागेना.

एसीची हवा छतातून जिथे बाहेर पडते, तिथे लावायचे डिफ्यूझर बघायला मी सहा वेळा दुकानात गेले. गोल होते ते पिठाच्या चाळणीसारखे. चौकोनी बघून दवाखान्यात आल्यासारखं वाटे. शेवटी घेतली बोटभर रुंदीची लांब फट. छताच्याच रंगाची. मशीन गच्चीवर. पंखे तर मी काढूनच टाकले. मांजर बसल्यासारखी हवा, आहे पण आवाज नाही!

घोळ केला बेबामावशीने. ती आठ दिवस आधी घर बघून गेली, तेव्हा लाइट नव्हती. तिला पंखा दिसला नाही, एसी दिसला नाही. धरणगावात जाऊन तिने सांगितलं, की शिकलेल्या पोरीने ऐन मे महिन्यात बापाला भट्टीत बसवलंय.

झालं. वास्तुशांतीच्या दिवशी आहेर काय आले? कूलर! एक मावशीचा, एक मामांचा, एक शेजारच्या रतिलाल शेठचा. आणि नानांचा तर केळीच्या पिकअपमधून उतरवला, चार माणसं लागली. पत्र्याचा, म्हशीएवढा. मी सांगत होते, अहो, एसी चालू आहे. "कोठे शे?" म्हणत सगळे भिंती बघत होते. मी वर बोट केलं, तर त्यांना दिसलं पांढरं छत. मला वेड लागलंय असं समजून त्यांनी खिडक्या उघडल्या आणि चारही कूलर पाणी भरून चालू केले.

बाहेरची गरम हवा, कूलरची ओल आणि वर माझी गारेगार फट. पंगत बसली, वरण-बट्टी वाढली, आणि टप्. नानांच्या टोपीवर थेंब. मग वाटीत. मग मावशीच्या नाकावर. आता मात्र सगळ्यांना छत दिसलं, आणि ती फटही दिसली. बट्टी हातात धरून नाना उभेच राहिले आणि आबांना ओरडून म्हणाले,

"चुडामण, तुना नवा घरले तडा पडना रे!"

आबांचा चेहरा बघवेना. बाया मुलांना उचलून बाहेर ओट्यावर पळाल्या. कुणीतरी भटजींनाच विचारलं, वास्तुशांत परत करता येईल का. मी मेन बोर्डाकडे धावले, कूलरची बटणं बंद केली, खिडक्या लावल्या, आणि आबांनी कसंबसं सगळ्यांना आत आणलं.

पंधरा मिनिटांत फटीवर धरलेलं दव आटलं, थेंब थांबले. घर असं गार झालं, की मावशीने पदर अंगभर ओढून घेतला. नाना आपल्या बंद कूलरसमोर मांडी घालून बसले होते. त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "देख पोरी, कसं गार लागी राह्यनं. मना कूलर शे तो!"

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगलाच दिला.

"धुळाना बंगला बी तूच कर," नाना म्हणाले. "चार कूलर बसतीन इतली जागा काढ. फक्त छतले तडा नको पडू देजो."

परवा नकाशा देऊन आले. चार खिडक्या, चार लोखंडी स्टँड. पार रस्त्यावरून दिसतील.